ब्याड

आधी तोही हसला. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढं मन सोयीनं सांगणार की हसले ते बाकीचे. राजारामपुरीतलं फर्निचरचं दुकान, रविवारची दुपार. बायको शिवलीला मुलीच्या, भूमिकाच्या खोलीसाठी दिवाण बघत होती आणि मल्लेश सवयीनं प्रत्येक लाकडावर बोटाचं पेर ठोकून आवाज ऐकत होता. पलीकडं निपाणीकडची वाटणारी एक म्हातारी, तिचा मुलगा, सून. दुकानदार अंगातच आल्यासारखा. "या की मावशी! बेड दाखवू?" म्हातारीनं दोन्ही हात हलवले. "ब्याड, ब्याड." "आरं, मावशींना बेड दाखव की! सागवानी काढ!" ती आणखी जोरात, "ब्याड!" तो त्याहून जोरात आत ओरडला, "डबल काढ, डबल!" तेव्हा सून पदर तोंडाला लावून म्हणाली, "अवं भाऊ, नको म्हणत्यात त्या. कानडीत नको म्हंजे ब्याड." सगळं दुकान हसलं. म्हातारीही हसली, दात नसलेल्या तोंडानं. आणि मल्लेशनं ते तोंड बघितलं. त्याचं हसू तसंच राहिलं, काढून ठेवायला जागा न सापडल्यासारखं. शिवलीला म्हणाली, "अहो, हा कसा वाटतो?" तो म्हणाला, छान. कशाला छान म्हणाला, ते आजही त्याला माहीत नाही. दिवाण घरी आला आणि भूमिका त्यावर झोपते.

कानडीत नको म्हणजे ब्याड. हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्याची आई शांतव्वा, घरात सगळ्यांची अव्वा, चिकोडीकडची. लग्न होऊन पेठ वडगावात आली, मराठी बोलायला लागली, मराठीत भांडायला लागली, मराठीत देवाला नावं ठेवायला लागली. पण नकार तिचे कानडीच राहिले. दुसरी भाकरी, ब्याड. नवी साडी, ब्याड. मल्लेशला कोल्हापुरात नोकरी लागली आणि त्यानं आईवडलांना इकडं आणायचं काढलं तेव्हाही ब्याड, आणि मग आली. अव्वाचं ब्याड सगळ्या घराला ठाऊक होतं. ते ऐकूनही वाढायचं असतं हेही ठाऊक होतं. तिच्या ताटात ब्याड म्हणाल्यावर पडलेली भाकरी ती खायचीच. म्हणजे तिचा नकार हा तसा नकार नव्हता. खोड. शाळेत बाई वहीवर बोट ठेवून म्हणायच्या, खोड, पुन्हा लिही. दुकानातल्या त्या दुपारपासून त्याचं डोकं स्वतःच्याच वाक्यांवर असं बोट ठेवायला लागलं आहे. अव्वाचा नकार हा नकारच होता. पुन्हा लिही. अव्वाचा नकार हा

आता गाडीच्या खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना समुद्र आहे. रामेश्वर मागं पडलं, रस्ता सरळ, इतका सरळ की ड्रायव्हरला काही काम नाही. डावीकडचं पाणी निपचित, उजवीकडचं फुटणारं. मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर ही गाडी, कोडोलीहून निघालेली, यात्रा काढणाऱ्या कृष्णात पाटलाची. आत सगळी कोडोली, वडगाव, गडमुडशिंगीकडची म्हातारी माणसं, पिशव्या, शेंगाची चटणी, ओल्या धोतरांचा वास. काल रामेश्वराच्या देवळात सगळे एकेका विहिरीचं पाणी अंगावर घेत फिरले. आप्पाही भिजले. मल्लेशनं त्यांना धरलं होतं. आप्पा म्हणजे मल्लाप्पा, त्याचे वडील. आत्ता ते खिडकीशी बसलेत आणि त्यांचा उजवा हात बंडीच्या आतल्या खिशावर आहे. गेले कित्येक दिवस तो तिथंच आहे. जेवताना तेवढा निघतो. त्या खिशात अव्वाच्या गळ्यातलं लिंग आहे, चांदीच्या डबीतलं, दोऱ्यासकट. ते आज सोडायचं. त्यासाठी ही यात्रा.

लिंग माणसाबरोबर जातं. आमच्या लिंगायतांत जाळत नाहीत, खड्ड्यात बसवून पुरतात, डाव्या तळहातावर लिंग ठेवून, आणि घरातला प्रत्येकजण मूठ मूठ माती टाकतो. अव्वाच्या वेळी ते साल असं होतं की माणूस दवाखान्यातून परत घरी येतच नव्हता. पंचगंगेच्या घाटावर शेणी रचून जाळलं, लांबून बघितलं, तोंड दिसलं नाही. नंतर दवाखान्यातून प्लास्टिकची पिशवी मिळाली, तिच्यात चष्मा, दोन बांगड्या आणि हे. आप्पांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं. देहाशिवाय राहिलेल्या लिंगाचं काय करायचं हे कुणालाच नीट सांगता येईना. स्वामी म्हणाले, पाण्यात सोडा. आप्पा म्हणाले, पंचगंगेत न्हाय सोडायचं, तिथं तिला जाळलंय. मग कृष्णा म्हणावी तर ते पाणीही तेच, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा तिलाच मिळते. चार वर्षं असं चाललं. मग आप्पांच्या बहिणीच्या शेजारची झुंबरबाई म्हणाली की जिथनं पुढं जमीनच न्हाय तिथं सोडा की, म्हंजे भानगड मिटली.

भानगड. झुंबरबाई आत्ता पुढच्या सीटवर आहे, गळ्यात मण्यांची माळ, कंडक्टरसारखा आवाज. "कृष्णात, आरं लंका दिसंल का न्हाय? न्हाय दिसली तर भाडं कापणार बघ." "दिसंल की आत्ती. रावण हात करतोय बघा, तुम्हालाच बोलवतोय." "मला नेऊन काय करंल त्यो? दहा तोंडांची भांडी घासायला?" गाडी हसली. आप्पाही हसले. मग मागच्या सीटवरच्या कुणीतरी आप्पांना विचारलं, पावणं, मंडळी न्हाईत व्हय बरोबर? आणि आप्पांनी सुरुवात केली. मल्लेशला ती पाठ आहे. "त्या सालात गेली बघा. सगळं कोल्हापूर बेडासाठी वणवण हिंडत हुतं. मोठमोठी माणसं व्हरांड्यात पडली. आमच्या मंडळींनी तोंडानं मागितलं, बेड, बेड. आन् पोरानं आणून दिला की! मागितलं आन् मिळालं न्हाय, असं झालं न्हाय तिचं." एवढं बोलून आप्पा दर वेळी वळतात. "व्हय का न्हाय मल्लेश?" आणि मल्लेश दर वेळी म्हणतो, व्हय. लग्नात, बारशात, न्हाव्याकडं, बँकेच्या रांगेत. दुकानातल्या त्या दुपारच्या आधी हे व्हय तोंडातून आपोआप यायचं. आता येताना कुठंतरी अडतं, पण येतं. आत्ताही आलं.

तो दिवस असा. खोड. तो दिवस कसा, हे त्याला एकसंध कधी मिळतच नाही, तुकडे मिळतात. बाहेरच्या खोलीत जमिनीवर गादी, तिच्यावर अव्वा. बोटाला लावलेला चिमटा आणि त्यावर उतरत जाणारा आकडा. आतल्या खोलीत दार लावून शिवलीला आणि भूमिका. दाराच्या फटीखाली ओला टॉवेल, जसा काही रोग पाण्यासारखा वाहत येणार होता. मल्लेश सकाळपासून फोनवर. बेड आहे का, बेड होईल का, साधा तरी बेड, ऑक्सिजनचा बेड, कुणाचा गेला तर सांगा. (गेला म्हणजे बेड नव्हे, माणूस. तेव्हा तसं बोललं जायचं, आणि कुणाला काही वाटत नव्हतं.) त्या दिवसांत त्या शब्दाशिवाय गावात दुसरा शब्दच नव्हता. मग एका ठिकाणाहून होकार आला आणि तो अव्वाच्या उशाशी येऊन म्हणाला, अव्वा, बेड मिळाला. तापात तिची मराठी गळून गेली होती. दात काढून वाटीत ठेवले होते. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही, त्याच्या मागं उंबऱ्यात तोंडाला पंचा बांधून उभ्या असलेल्या आप्पांकडं बघितलं आणि म्हणाली

काय म्हणाली? इथं सगळं थांबतं. बे आणि ब्या. दातांशिवायच्या तोंडात, धापेत, त्या दोन अक्षरांत काय अंतर उरतं? वडगावातली निम्मी माणसं बेडला ब्येडच म्हणतात. बेड म्हणाली असेल. मुलानं बेड मिळाला म्हटल्यावर आई बेड म्हणणारच, शब्द झेलून परत करावा तसा. असं असू शकतं. कुठल्याही माणसाला चुकीचं ऐकू येऊ शकतं.

पण मल्लेश कुठलाही माणूस नाही. शिरोलीच्या फाउंड्रीत तो ऐकण्याचाच पगार घेतो. ओतलेला सुटा भाग टांगायचा, हातोडीनं हलकेच मारायचा आणि ऐकायचं. निर्दोष लोखंड वाजत राहतं. आत तडा असेल, केसाएवढा, डोळ्याला न दिसणारा, तर आवाज मधेच बसतो. यंत्रं आली, तरी शंका आली की अजून त्याला हाक मारतात. मल्लेशभाऊ, जरा कान लावा. त्या भट्ट्यांच्या, ग्राइंडरच्या गोंगाटात त्याला केसाएवढा तडा ऐकू येतो. आणि स्वतःच्या घरात, शांत खोलीत, हातभर अंतरावरून, जन्मभर ऐकलेला एक शब्द त्याला ऐकू आला नाही. खोड. ऐकू आला. पहिल्यांदा म्हणाली तेव्हाच आला. मग तिनं परत म्हटलं, आणि हात लांब करून गादीशेजारच्या शिवणयंत्राचा पाय धरला. बेड मागणारं माणूस यंत्राचा पाय कशाला धरेल? ते त्यानं बघितलं. आणि वळून मोठ्यानं म्हणाला, "बघा आप्पा, तीच मागतीय. बेड मागतीय." आप्पा त्याच्या आधी सकाळपासून एकच म्हणत होते, न्हेऊ नको, जे काय हुईल ते घरात हू दे. ते वाक्य ऐकल्यावर आप्पा म्हणाले, मग न्हे. यंत्राच्या पायावरची बोटं मल्लेशनं सोडवली. ती सहज सुटली. यावर त्यानं कधी विचार केला नव्हता. सहज सुटली म्हणजे तिची तयारी होती. खोड. सहज सुटली कारण जोर नव्हता.

आणि दवाखान्याची गाडी तिला घेऊन गेल्यावर काय झालं? हेच तो कुणाला सांगू शकत नाही, शिवलीलाला तर नाहीच. गाडीचं दार बंद झालं आणि त्याच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. त्यानं गादी गच्चीवर टाकली, फरशी पुसली, अंघोळ केली, आतल्या खोलीचं दार उघडलं. भूमिका पळत येऊन पायाला चिकटली. त्यानं तिला चिकटू दिलं. दुपारीच त्याला झोप लागली, गाढ, लहानपणी लागायची तशी. आई दवाखान्याच्या वाटेवर असेल तेव्हा. तडा आहे तो तिथं आहे. बेड की ब्याड हा प्रश्न त्याला परवडतो, रात्रंदिवस चघळता येतो, कारण तो चघळत असताना त्या झोपेपर्यंत जावं लागत नाही.

"उतरा, उतरा! रस्ता संपला," कृष्णात ओरडला. "हितनं पुढं न्यायला माझ्याजवळ पूल न्हाय. यात्रा पुरी झाली आपली, आता नुसतं घर." रस्ता खरंच संपला होता. एका गोल कट्ट्याला वळसा घालून परत फिरत होता. कट्ट्यावर सिंहांचा खांब. शंखशिंपले, तिखट लावलेल्या कैऱ्या, शिट्टी फुंकणारा पोलीस. कट्ट्याच्या पलीकडं थोडी वाळू आणि मग काहीच नाही. उत्तरेकडून आलेली माणसं वाळू मुठीनं कापडात बांधत होती, काशीला न्यायला. त्यांची यात्रा ही वाळू गंगेत टाकल्यावर पुरी होते म्हणे. म्हणजे काहींचा शेवट इथं असतो आणि काहींना इथून शेवट उचलून न्यावा लागतो. मल्लेशला हे सुचलं आणि सुचल्याची लाज वाटली. आईला सोडायला आलेल्या माणसाला असली वाक्यं सुचू नयेत.

आप्पा चपला हातात घेऊन चालत होते. वाळू तापलेली. झुंबरबाई मागून म्हणाली, "मल्लाप्पा, दमानं. लाट वडती बरं का हितली. म्हातारीच्या मागं जायचा इचार हाय का काय?" आप्पा म्हणाले, "न्हाय गं बाई, परतीचं तिकीट काढलंय." ती आपल्या घोळक्याकडं गेली. बापलेक पाण्याशी आले. वारा असा की धोतर फडफडत होतं. आप्पांनी खिशातून फडकं काढलं, फडक्यातून डबी. ती चार वर्षांत काळी पडली होती. आप्पांनी ती पंचाच्या टोकानं घासली, थोडी उजळली. मग म्हणाले, "हात धर माझा."

मल्लेशनं हात धरला. एक लाट येऊन घोट्यापर्यंत भिजवून गेली. पुढच्या लाटेला आप्पा सोडणार. त्याला ते स्पष्ट दिसलं. डबी जाईल, दोरा जरासा वर राहील, मग तोही जाईल. आणि मग अव्वा कायमची बेड मागितलेली बाई होईल. कुणी दुरुस्त करणार नाही. तिनं शेवटचं जे म्हटलं ते त्यानं बदललं हे जगात एकट्या त्याला माहीत, आणि तो तर व्हय म्हणत राहणार. अजून एक लाट थांबला असता तर सुटला असता. हेही त्याला दिसलं.

"आप्पा, थांबा."

"आं?"

"अव्वानं बेड मागितला नव्हता."

लाट फुटली. आप्पांनी कान त्याच्याकडं केला. "मोठ्यानं बोल की!"

त्याला ओरडावं लागलं. चार वर्षं जे मनातसुद्धा हळू म्हटलं होतं ते समुद्रावर ओरडावं लागलं. "ब्याड म्हणत होती! नको म्हणत होती ती! मला कळलं होतं! तरी मी म्हणालो, मागतीय!"

वाळू बांधणारी दोन माणसं वळून बघायला लागली. आप्पा समुद्राकडंच बघत होते. "वरडू नको," ते म्हणाले. "ऐकलंय मी." मग, डबीवर अंगठा फिरवत, "तवाच ऐकलंय."

"तेव्हाच?"

"जलम गेला की माझा त्यो शबुद ऐकण्यात. मला कळंना व्हय? माझ्याकडं बघून म्हणाली ती. तुझ्याकडं न्हाय."

मल्लेशच्या हातात त्यांचा हात होता. तो सोडावा की घट्ट धरावा ते कळेना. "मग बोलला का नाही?"

"भ्यालो," आप्पा म्हणाले, सरळ, भाजीचा भाव सांगावा तसं. "तू म्हणालास, मागतीय. मला धरायला फांदी गावली. घरात तिचा जीव जाईल आन् मला बघावं लागंल, ह्येला भ्यालो. पोरगी आत हुती, त्येला भ्यालो. मग म्हणलं, न्हे."

"आणि मग गावभर सांगत का हिंडलात? बेड मागितला, बेड मागितला..."

आप्पांनी पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं, वाऱ्यानं बारीक झाले होते. "तुझ्यासाठी, मर्दा. मला वाटलं, तुला खरंच तसं ऐकू आलंय. म्हणलं, बाहीर चारचौघात सांगत ऱ्हायलं तर तुझ्या डोक्यात कधी उलटायचं न्हाय. घरात एकाला तरी रातीला झोप लागू दे. तेवढं एकच राखलंवतं मी. बाकी काय राखलं?" ते पुन्हा समुद्राकडं वळले. "आज तेबी घालवलंस."

त्याला वाटलं होतं, मारतील. किंवा म्हणतील, असू दे. यापैकी कशाचीही तयारी करून तो बोलला होता, हे त्याला आत्ता कळलं. सांगून टाकलं म्हणजे आपण मोकळे, एवढाच हिशेब होता. गाडी गेल्यावर छातीवरून उतरलं होतं तसं काहीतरी उतरावं म्हणून तो बोलला होता. म्हाताऱ्या माणसानं त्याच्यासाठी रचलेली एकुलती एक गोष्ट, न्हाव्याकडं, बारशात, रांगेत पुन्हा पुन्हा लिंपलेली, आणि तो तिला चारचौघातली फुशारकी समजून दर वेळी कानकोंडा होत आला. इतका तयार कान. इथं खोडायलाही काही नव्हतं.

लाट आली, या वेळी गुडघ्यापर्यंत. पोलिसानं शिट्टी वाजवली, लांबून हातानं मागं व्हा मागं व्हा केलं. आप्पांनी डबी फडक्यात गुंडाळली आणि बंडीच्या खिशात ठेवली.

"आप्पा, सोडायचं राहिलं."

"न्हाय सोडत."

"एवढ्या लांब आलो."

"आलो तर आलो." ते पाण्यातून बाहेर निघाले, त्याचा हात न सोडता, म्हणून तोही निघाला. "एकदा ती न्हाय म्हणत असताना धाडली, दोघांनी मिळून. आता कोण सांगणार, व्हय म्हणतीय का न्हाय म्हणतीय? तिला इचारल्याबिगर मी कुठं सोडायचा न्हाय."

गाडीपाशी सगळे जमले होते. कृष्णात माणसं मोजत होता, झुंबरबाई कैरी खात दारात उभी होती, वाट अडवून. आप्पांनी पायाची वाळू झटकली. ती म्हणाली, "सोडलं का लिंग, मल्लाप्पा? झालासा का मोकळं?"

"न्हाय सोडलं."

"का वं? आन् हितवर आणून?"

आप्पा पायरीवर एक पाय ठेवून थांबले. मल्लेश त्यांच्या मागं होता. सवयीनं ते त्याच्याकडं वळतील आणि त्याला काहीतरी म्हणावं लागेल असं त्याला वाटलं. ते वळले नाहीत.

"तिला घरात ऱ्हायचं हुतं," ते म्हणाले.

झुंबरबाई चावायची थांबली. "आता कुठली ऱ्हायची ती घरात?"

"आता न्हवं," आप्पा म्हणाले. "तवा."